मुडपलेलं बोट

काकाजींनी मला पहिला पक्षी दाखवला तेव्हा मी त्यांच्यावर चिडले होते, कारण ते दाखवतच नव्हते. रामटेककडच्या एका जुन्या तलावाच्या पाळीवर आम्ही उभे होतो. समोर पाणी, पाण्यात गवताचे पुंजके, आणि त्यातल्या एका पुंजक्याशी म्हणे हळदीकुंकू बदक बसलेलं होतं. मी आपली विचारतेय कुठे, कुठे, आणि हे गृहस्थ तर्जनी आत मुडपून तिचं पेर तेवढं पुढे करताहेत. त्या पेरानं एकाच वेळी अर्धा तलाव दाखवला जात होता.

"सरळ बोट करून दाखवा नं काकाजी!"

"कोवळ्याले बोट दाखवू नाही वं शैला. सडते."

"ते काकडीचं झालं. बदक काय वेलाले लागलं?"

"जीव तं कोवळाच आहे नं," असं म्हणून त्यांनी पुन्हा तेच पेर पुढे केलं. तोवर बदक उडून गेलं होतं.

वेलीवरच्या कोवळ्या फळाला बोट दाखवलं तर ते कुजतं, दाखवायचंच असेल तर बोट मुडपून दाखवावं, हे आपल्याकडे सगळ्यांनाच लहानपणी सांगितलेलं असतं. आपण मोठे होतो आणि विसरतो. काकाजी विसरले नाहीत, उलट त्यांनी हा कायदा भलताच वाढवला. गरोदर बाई, कुणाचं नवं दुकान, जमत आलेलं लग्न, पाळण्यातलं मूल आणि जगातले यच्चयावत पक्षी, यांतल्या कशालाही त्यांनी सरळ बोट दाखवल्याचं मी पाहिलं नव्हतं. एका वेळेचा अपवाद. त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे.

वामनराव मुरकुटे आमच्या लेआउटमध्ये समोरच्या प्लॉटवर राहायचे. नागपुरी रिवाजाप्रमाणे ते सगळ्यांचेच काकाजी. इतवारीत त्यांचं वडिलांपासूनचं भांड्यांचं दुकान होतं. गुंड, गंज, पराती, घंगाळी, सगळं पितळेचं. पुढे मुलानं स्टील आणलं, तेव्हा काकाजी दोन दिवस दुकानात त्याकडे पाठ करून बसले होते म्हणतात. गिऱ्हाइकानं भांडं हातात घेतलं की ते त्याच मुडपलेल्या बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करत आणि कान देत. पत्रा जाड की पातळ, कुठे तडा आहे का, डाग देऊन सांधलेलं आहे का, हे त्यांना आवाजावरून कळायचं. ही सवय इतकी अंगात मुरली होती की ते माणसंही वाजवून बघत. मुलीला पाहायला आलेल्या मुलाच्या खांद्यावर त्यांनी बोलता बोलता पेर आपटलं आणि आत येऊन बायकोला सांगितलं, "भरीव आहे. दे होकार." मला एकदा म्हणाले, "तू पातळ पत्र्याची. लवकर तापते, लवकर थंडी होते." मला राग आला, आणि तो लवकर गेला.

त्यांच्या नादी मी लागले ती साखरेमुळे. डॉक्टरांनी पहाटे चालायला सांगितलं. आमच्या गल्लीतून चालणारी मी एकटीच, आणि दर सुट्टीच्या दिवशी गेटपाशी गळ्यात दुर्बीण घालून कुणाची तरी वाट पाहणारे काकाजी. ज्याच्या गाडीतून ते जात तो त्यांचा मित्र वारला होता, हे मला नंतर कळलं. "तुह्याजवळ गाडी आहे नं?" त्यांनी विचारलं. गाडी होती. झालं. चालणं राहिलं बाजूला, मी बसायला शिकले.

शिकले म्हणते, पण नीट कधी जमलं नाही. मी मुळातच उतावळी बाई. दूध उतू जाण्याआधी मी उतू जाते. काकाजी पाळीवरच्या मोहाखाली पत्र्याची घडीची खुर्ची मांडत, पितळी डब्यातले पोहे बाजूला ठेवत आणि मग तासन्‌तास काही करत नसत. दुर्बीणसुद्धा उगाच डोळ्याला लावत नसत. मी पाय हलवे, मोबाइल बघे, कडेनं फेरी मारून येई. "घाई गिऱ्हाइकाले असते वं," ते म्हणत, "दुकानदाराले नाही. आपण बसायचं. ज्याले यायचं तो येते." आणि खरंच कोणीतरी येई. कधी चिखलाच्या कडेनं शेपटी हलवत धोबी येई, कधी पाय लांबवून शेकाट्या. थंडी पडू लागली की दूरदेशीची बदकं उतरत. काकाजी त्यांना पाहुणे म्हणत नसत, "बाहेरचा माल" म्हणत.

दिशा सांगायची त्यांची पद्धत तर ज्याला इतवारी माहीत नाही त्याला जन्मात कळली नसती. सगळा तलाव म्हणजे इतवारी बाजार. सूर्य उगवतो तो सराफा. सांडव्याची बाजू धान्यबाजार, पलीकडचा काठ कापड ओळ. "सराफ्यातून निघाली, कापड ओळीवरून वळली, आता धान्यबाजारात बसून राहिली पाहा घार." मी बापडी इतवारीत लग्नाच्या खरेदीपुरती गेलेली. धान्यबाजार आठवेपर्यंत घार जेवून मोकळी झालेली असे.

त्या तलावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. आता लिहिलं तरी बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही, पण काकाजींनी ते कधी घेतलं नाही, मग मीही घेत नाही. ते त्याला गोदाम म्हणत. "उद्या गोदामात जाऊन येऊ." दुकानातल्या नोकरांना, दलालांना, एवढंच काय, काकूंनाही कित्येक वर्षं वाटत होतं की आपलं आणखी एक गोदाम आहे आणि हा माणूस सुट्टीच्या दिवशीही मालावर लक्ष ठेवून राहतो. काकूंना खरं कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाप्पा! मी तं पोरीले सांगून ठेवलं होतं, तुह्या बापाची एक इस्टेट अजून आहे म्हणून."

लपवण्यासारखं तिथे एक कारण होतं. तलावाच्या मधोमध बेट होतं. बेट म्हणजे काय, गाळाचा उंचवटा, त्यावर बेशरमाची झुडपं आणि भोवती गुडघाभर पाण्यात पाणगवत. त्या गवतात दर पावसाळ्याच्या शेवटी सारसांची एक जोडी घरटं घालायची. सारस म्हणजे माणसाएवढा उंच पक्षी, लाल डोक्याचा, राखाडी अंगाचा. ओरडला तर दोन शेतं पलीकडच्याला ऐकू जावं. असला ऐवज लपवायचा तरी कसा? पण तो लपलेला होता खरा. गावातले लोक धान तुडवतात म्हणून सारसांना शिव्या देत, पण त्या शिव्या गावातल्या गावात राहत. आणि बाहेरचे आम्ही दोघंच.

आमच्या भागात दुसरी जोडी उरलेली नाही, असं काकाजी म्हणत. पूर्वी होत्या. एकेक करून गेल्या. म्हणून या जोडीचं एखादं पिल्लू जगावं, मोठं होऊन उडावं, हे त्यांना स्वतःच्या घरच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त हवं होतं. मला हे बोलून दाखवायला ते लाजत. एकदाच म्हणाले, "हे दोघं गेले की तलाव राहील, पाणी राहील. पण मंग कायले यायचं?"

शहरातल्या पक्षी पाहणाऱ्या मंडळींना संशय होताच. एकदा त्यांतले तिघंचौघं दुकानात येऊन बसले. "काकाजी, सारस कुठं दिसतात, सांगा नं." काकाजींनी चहा पाजला, खूप वेळ विचार केल्यासारखं केलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "कन्हानच्या रेतीत पाहा. पुलाच्या खाली, अंगावर ऊन येण्याच्या आधी." शुद्ध थाप. मंडळी गेली. सारस कुठून दिसणार, पण त्यांना तिथे नदीसुरय पक्ष्यांचा मोठा थवा मिळाला आणि ते इतके खूश झाले की संत्रा बर्फीचा डबा घेऊन आभार मानायला आले. काकाजींनी बर्फी घेतली. मला म्हणाले, "खोटं बोललो तरी गोड लागून राहिली पाहा."

पण बेटावरचं नशीब काही गोड नव्हतं. एका वर्षी परतीच्या पावसानं पाणी चढलं आणि अंडी वाहून गेली. एका वर्षी पाणी लवकर ओसरलं आणि कुत्री चालत बेटावर गेली. एका वर्षी मात्र पिल्लू निघालं. बदामी रंगाचं, आईच्या पायांत अडखळणारं. काकाजींनी परत येऊन सबंध गल्लीत बर्फी वाटली. लोक विचारायचे, "काहून जी, नातू झाला काय?" तर म्हणायचे, "गोदामात माल आला." दोन-तीन खेपा आम्ही पिल्लू पाहिलं. पुढच्या खेपेला दोघं मोठे होते, मधली जागा रिकामी होती. कोल्हा, कुत्रा की आणखी कोण, कळायला मार्ग नव्हता. परतताना रामटेक मागे पडल्यावर काकाजींनी गाडीची काच खाली घेतली. मग म्हणाले, "बर्फी वाटायले घाई केली."

त्यानंतरच्या वर्षी तलावाच्या सौंदर्यीकरणाचं निघालं. गाळ काढायचा, काठानं फरशा, बोटिंग, आणि बेटावर कारंजं. गावातल्याच एकानं काकाजींना सांगितलं. नवरात्र तोंडावर आलेलं आणि मादी अंड्यांवर बसलेली. यंत्रं दसऱ्यानंतर येणार होती. काकाजी या कचेरीतून त्या कचेरीत फिरले. प्रत्येकानं विचारलं, "तिथं सारस आहे याला पुरावा काय?" आता ज्या माणसानं सबंध हयात पुरावा पुसण्यात घालवली त्याच्याकडे पुरावा कुठून असणार? त्यांनी एक फोटोसुद्धा कधी काढू दिला नव्हता. मीच म्हटलं, पेपरात आलं तर थांबेल. ते उठून निघून गेले. दोन दिवसांनी सकाळी गेट वाजलं. दाराशी काकाजी. दाढी नाही, आंघोळ नाही.

"शैला, तुह्या ओळखीचा तो पोट्टा आहे नं पेपरातला? बोलाव त्याले."

तो पोट्टा निखिल. चांगला मुलगा, आजही मी त्याला चांगलाच म्हणेन. काकाजींनी त्याला एक अट घातली, गावाचं आणि तलावाचं नाव छापायचं नाही. त्यानं कबूल केलं आणि शब्द पाळला. आम्ही तिघं गेलो. काकाजींनी त्याला मोहाखाली उभं केलं, मग नको म्हणाले, पलीकडे नेलं, मग आणखी थोडं कापड ओळीकडे. दुकानदार माणूस. माल दाखवायचा तर चांगल्या उजेडात दाखवावा, हे हाडात बसलेलं. सकाळचं ऊन सारसावर नीट पडेल, लाल डोकं उठून दिसेल, अशी जागा त्यांनी शोधून दिली. आणि बोट मुडपून, पेर पुढे करून दाखवलं, "ते पाहा." त्या वेळीही मुडपूनच. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

फोटो फार सुंदर आला. पहिल्या पानावर, रंगीत. घरट्यावर मादी, बाजूला नर, शेजारी छोट्या चौकटीत काकाजी. गावाचं नाव नाही, तलावाचं नाव नाही. आणि सारसांच्या मागे, त्या सोनेरी उजेडात स्वच्छ, रामटेकचा गड. नागपूरच्या माणसाला आणखी काय पत्ता लागतो?

पेपर हातात घेऊन काकाजी ओट्यावर बसले होते. फोटोतल्या गडावर त्यांनी पेर टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "उजेड पाहिला," म्हणाले. "मांगं काय आहे, ते नाही पाहिलं."

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा पाळीवर गाड्या लावायला जागा नव्हती. बायका, पोरं, सासू-सासरे, डबे. आलूबोंड्याचा ठेलासुद्धा आला होता. मोठमोठी लेन्स घेतलेले लोक पाण्यात गुडघाभर शिरलेले. कुणाचं वाईट करायला कुणी आलेलं नव्हतं, हे मला आजही पटतं. सगळे कौतुकानं आले होते. एकानं ड्रोन उडवला. तो बेटावर गेला आणि घरट्याच्या वर भणभणत थांबला. नर आधी उठला, मग मादी. दोघं ओरडत तलावावरून फिरू लागले. तो आवाज ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकाजी एकेकापुढे हात जोडत होते. "मांगं व्हा जी. ऊन चढून राहिलं, अंडे उघडे आहेत. पाया पडतो, मांगं व्हा." आणि मग कुणीतरी ओळखलं. "अरे, हेच ते पेपरातले! सारस काका!" झालं. लोक त्यांच्याभोवती जमले. ज्याच्यापुढे ते हात जोडायचे तो त्यांच्या खांद्यावर हात टाकून मोबाइल समोर धरायचा. हात जोडलेले असल्यामुळे फोटोही चांगले येत होते. मी ओरडले, दोघांचे मोबाइल हिसकावले, एका बाईशी माझं कडाक्याचं भांडण झालं. काही उपयोग नव्हता. दुपारी गर्दी पांगली तोवर डोमकावळे बेटावरून परतत होते. सारस संध्याकाळपर्यंत उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

आणि यंत्रं आली नाहीत. बातमीचा परिणाम झाला होता. काम रद्द झालं, बेटाला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि पाळीवर मोठा फलक लागला, त्यावर तोच फोटो, सारस दर्शन स्थळ. तलाव वाचवल्याबद्दल काकाजींचा सत्कार झाला. मी त्यांना जाऊ नका म्हणत होते. ते गेले. शाल घेतली, नारळ घेतला, खाली मान घालून भाषणं ऐकली. फायबरचा पांढरा सारस त्यांना भेट दिला. खुर्चीवर येऊन बसल्यावर त्यांचं पेर आपोआप त्या सारसाच्या पोटावर गेलं. टकटक केलं. आवाज नव्हताच काही. त्यांनी तो खुर्चीखाली ठेवला आणि निघताना विसरले. मीही आठवण केली नाही.

पुढच्या वर्षी नवरात्रात आम्ही गेलो. बेट होतं, गवत होतं, गुडघाभर पाणी होतं, सगळं सारसाला हवं तसं. घडीच्या खुर्चीवर काकाजी दुपारपर्यंत बसले. ज्याला यायचं तो येतो, असं ते म्हणाले नाहीत. परत आल्यावर दुर्बीण कपाटात गेली. मग हळूहळू मी पाहत गेले की ते भांडीही वाजवत नाहीत. गिऱ्हाईक विचारे, "जाड आहे नं जी?" तर म्हणत, "असेल." मुलगा वैतागला. काकू एक दिवस दुपारी माझ्याकडे येऊन रडल्या.

"यायले कुठंतरी ने वं शैला. कावळा ओरडला तरी मान वर करत नाहीत. एवढी वर्षं म्हणत होते, एकदा समुद्रावरचा गरुड पाहायचा. तिथं तरी दुर्बीण हाती घेतील."

हे खरं होतं. काकाजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. "नागपुराले समुद्र चारही बाजूनं सारखा लांब," ते म्हणायचे, "देवानं मापात पाप नाही केलं." माझी मुलगी कोकणात नोकरीला होती. दिवाळी आटोपल्यावर मी दोघांना घेऊन निघाले. गाड्या बदलत, अंग आंबवत आम्ही पोचलो. मुलीनं चौकशी करून ठेवली होती. किनाऱ्यासमोर एक लहानसं बेट होतं, वस्ती नसलेलं, आणि तिथल्या सुरूच्या झाडांत समुद्र गरुडाची जोडी नुकतीच घरटं बांधू लागली होती.

बेट म्हटल्यावर काकाजी येणार नाहीत अशी मला धास्ती होती. ते आले. होडीत बसले. होडीवाल्यानं ओहोटीच्या वेळी आम्हाला खडकांवर उतरवलं. "आता भरती येईपर्यंत हलायचं नाही. बसा निवांत," म्हणाला. निवांत बसायला माझ्यासारखी बाई तयार होती, कारण आज मला घाई नव्हती. जन्मात पहिल्यांदा मला वाटत होतं की ही सकाळ संपू नये, हळू जावी, या माणसाला वेळ मिळावा. काकूंनी चपला काढून पाय पाण्यात सोडले. ऊन मऊ होतं. काकाजी एका खडकावर बसले, मी त्यांच्या गळ्यात दुर्बीण घातली. ती तशीच लोंबत राहिली.

समोर वाळूच्या दांड्यावर कुरव पक्ष्यांचा थवा उतरला होता, थंडीसाठी नुकतेच आलेले. पांढरे, वाऱ्याकडे तोंड करून ओळीत बसलेले. मी मुद्दाम म्हटलं, "काकाजी, ते पांढरे बदकं कोणते जी?" कुरवाला बदक म्हटलेलं त्यांना एरवी सहन झालं नसतं. गाडीतून उतरवलं असतं त्यांनी मला.

"असतील," ते म्हणाले.

मी आणखी प्रयत्न केला. खडकावरून धावणाऱ्या तुतारी पक्ष्याला चिमणी म्हटलं. घारीला गरुड म्हटलं. काकूंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, पुरे कर. मीही चपला काढून पाय पाण्यात सोडले. लाटांचा आवाज येत होता, पाणी खडकांतून मागे सरत होतं. असेच कितीतरी वेळ आम्ही तिघं बसून राहिलो.

मग काकाजींची मान वळली. मला काहीच दिसलं नव्हतं. समुद्रावरून एक मोठा पक्षी येत होता, पोट पांढरंशुभ्र, पंखांच्या कडा काळ्या, आणि पायांत लांब वाळकी काडी. घरट्यासाठी काडी घेऊन निघालेला समुद्र गरुड. तो आमच्या डोक्यावरून सुरूंकडे गेला. काकाजींचा उजवा हात दुर्बिणीपर्यंत गेला. काकूंनी माझा दंड घट्ट धरला. मी मनात म्हटलं, उचला, काकाजी, उचला.

तेवढ्यात खडकांमागून माणसं आली. दुसऱ्या होडीतनं आलेलं एक कुटुंब. पुढच्या गृहस्थांच्या हातात मोठी लेन्स लावलेला कॅमेरा. त्यांनी वर सुरूंच्या गर्दीकडे पाहिलं, काही दिसेना, मग काकाजींच्या गळ्यातली दुर्बीण पाहून जवळ आले. "काका, इथं गरुडाचं घरटं आहे म्हणतात. कुठल्या झाडावर, सांगता?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे कन्हानच्या रेतीची एक थाप तयारच होती. पण त्याआधी काकाजींचा हात दुर्बिणीवरून सुटला, वर झाला, आणि त्यांची तर्जनी उलगडली. पूर्ण सरळ.

"तो सगळ्यात उंच सुरू," ते म्हणाले. "शेंड्यापासून खाली या. दुसरी फांदी. तिच्या बेचक्यात. काडी घेऊन आत्ताच बसला." सराफा नाही, कापड ओळ नाही. कुणालाही कळावं असं स्वच्छ.

"काकाजी!" मी त्यांचं मनगट पकडलं. हात खाली करायला जोर लावला. तो म्हातारा हात हलला नाही.

"तेव्हा तं मुडपून दाखवलं होतं नं वं," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "काय झालं?"

त्या माणसानं आभार मानले, पोरांना हाक मारली आणि सगळे सुरूंकडे पळत गेले. काकूंनी तोंड समुद्राकडे फिरवलं. पुढल्या उन्हाळ्यात काकाजी गेले, आणि तोवर ते आमच्यात होतेही. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच, खडकावर, हात वर केलेलं. मी मनगट सोडून दिलं. बोट तसंच सरळ उभं होतं. त्याच्या रेषेत मी वर पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकाजींनी दाखवलेला पक्षी मला एका नजरेत दिसला.